धाप

मे महिन्यातली भर दुपार. नागपूर, जळगाव, सोलापूर, कुठलंही गाव घ्या आणि मंगल कार्यालयाबाहेर ओळीने लावलेल्या गाड्यांकडे बघा. दर दोन-तीन गाड्यांआड एखाद्या गाडीखाली गावठी कुत्रं पसरलेलं दिसेल. पोट जमिनीला चिकटवलेलं, मागचे पाय बेडकासारखे फाकवलेले, जीभ बाहेर. ऊन पायाशी आलं की ते कुरकुरत उठतं, अंग झटकतं आणि पलीकडच्या गाडीखाली जाऊन पुन्हा लोळण घेतं. दुपारभर त्याचं हेच चाललेलं असतं.

त्याच ओळीत कधीकधी एका गाडीच्या आत, मागच्या सीटवर, एखादा लॅब्रॅडॉर बसलेला असतो. गळ्यात नावाचा बिल्ला, सगळ्या लसी वेळेवर दिलेल्या, खाणं दुकानातून मागवलेलं. काच दोन बोटं खाली. “अहो, ब्रूनो राहील ना नीट?” “राहतोय गं, अक्षता टाकून पाच मिनिटांत तर येतोय.”

या दोन कुत्र्यांपैकी आत्ता कुणाची जागा चांगली, असं मला कुणी विचारलं तर मी गाडीखालच्याची सांगेन. त्याच्या हाताशी गार जमीन आहे, वाहती हवा आहे आणि उठून दुसरीकडे जायची मुभा आहे. ब्रूनोकडे यातलं काहीच नाही. त्याच्याकडे उरली आहे ती फक्त धाप. ती कशी चालते आणि कधी बंद पडते, हे कळलं की बाकीचं फारसं समजावून सांगावं लागत नाही.

आपल्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. उकडायला लागलं की अख्खं अंग ओलं होतं, तो ओलावा उडून जाताना उष्णता घेऊन जातो. कुत्र्याला ही सोय नाही. घामाच्या खऱ्या ग्रंथी त्याच्या पंजांच्या गाद्यांपुरत्याच. पशुवैद्याच्या स्टीलच्या टेबलावर घाबरलेला कुत्रा उभा केला की त्याच्या पंजांचे ओले ठसे उमटतात, तो त्याचा घाम. चार पंजांच्या तेवढ्याशा ओलीवर पंचवीस किलोचा देह थंड होणं शक्य नाही. वर केसांची गोधडी.

म्हणून तो धापा टाकतो. आपल्याला वाटतं तो दमलाय. खरं तर धाप हे कुत्र्याचं घाम येणंच आहे, फक्त ते अंगावर न येता आत येतं. कुत्र्याचं नाक कापून बघितलं (आणि शरीररचनेच्या पुस्तकात ते चित्र जरूर बघावं) तर आत कागदाच्या सुरळ्या कोंबल्यासारखी पातळ हाडं दिसतात. त्यांवर ओलसर, रक्ताने भरलेलं अस्तर. जागा थोडी, पण घड्या इतक्या की पृष्ठभाग भरपूर. नाकातल्या ग्रंथी या अस्तरावर पाणी सोडत राहतात. त्यावरून हवा गेली की पाणी उडतं आणि खालचं रक्त थंड होतं. ड्यूक विद्यापीठातले क्नुट श्मिट-नील्सन हे उंटावरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं की धापा टाकणारा कुत्रा हवा मुख्यतः नाकातून आत घेतो आणि तोंडातून बाहेर टाकतो. आत येताना हवा नाकातल्या घड्यांवरून जाते, उष्णता आणि वाफ उचलते आणि तोंडावाटे निघून जाते. नाकातूनच परत सोडली असती तर बाहेर पडताना त्यातली बरीचशी उष्णता पुन्हा नाकातच राहिली असती.

वेग किती? आरामात असताना मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारा कुत्रा धाप लागल्यावर तीनशेच्या पुढे जातो. एवढी मेहनत केली तर त्या मेहनतीचीच उष्णता वाढायला नको का? युजीन क्रॉफर्ड यांनी १९६२ मध्ये याचं उत्तर शोधलं. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलकासा रेटा दिला तरी तो उंच जातो, लय मोडून ढकललं तर खांदे दुखतात. कुत्र्याची छाती आणि फुप्फुसं यांचीही अशी एक लय आहे, सेकंदाला साधारण पाच वेळा. कुत्रा नेमक्या त्याच लयीत धापा टाकतो, त्यामुळे थोडक्या श्रमात काम होतं. मधे हळू, मधे जोरात असं तो करत नाही. धाप एकतर चालू असते, नाहीतर बंद.

विदर्भातल्या वाचकाला मी हे एका वाक्यात सांगू शकतो: कुत्रा म्हणजे कूलर. गवताच्या ओल्या जाळ्यांमधून हवा ओढायची, पाणी उडवायचं, गारवा मिळवायचा. आणि कूलर लावताना नागपूरकर पहिली गोष्ट काय करतो? खोलीची खिडकी उघडतो. दमट झालेली हवा बाहेर गेली नाही तर अर्ध्या तासात खोली गार व्हायची सोडून चिकचिक होते. मुंबईत कूलर का खपत नाही, हेही तेच. हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर आणखी पाणी उडणार कुठे? माठ ओसरीवर ठेवला तर पाणी थंड होतं, कपाटात बंद केला तर होत नाही.

आता हा कूलर आपण काचेच्या खोक्यात ठेवतो.

उन्हातल्या काचेच्या खोक्याचा अभ्यास मोटारगाडीच्या कितीतरी आधीचा आहे. जिनिव्हाचे ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७६७ पासून काचेच्या झाकणांच्या पेट्या करून उन्हात ठेवायला सुरुवात केली. आजच्या सौर चुलीचं मूळ तेच. त्यांच्या एका पेटीत तापमान उकळत्या पाण्याच्या वर, सुमारे १०९ अंशांवर गेलं. पण मला त्यांचा दुसरा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी पेटी आल्प्समधल्या क्रामों नावाच्या शिखरावर नेली. वर हवा चांगलीच थंड होती. मग हीच पेटी खाली सपाटीला आणून उन्हात ठेवली, तिथे हवा बरीच उबदार. दोन्ही ठिकाणी पेटीच्या आतला पारा जवळजवळ सारखाच चढला. बाहेरची हवा गार आहे याची पेटीला फारशी फिकीर नव्हती. तिला ऊन हवं होतं, ते मिळालं.

महाबळेश्वरला किंवा माथेरानच्या वेशीवर दस्तुरीला गाडी लावताना “इथे कुठे उकडतंय?” असं आपण म्हणतो, तेव्हा सोस्यूर यांची पेटी आठवावी.

काच उष्णता कशी धरते, याबद्दल शाळेत एक गोष्ट शिकवतात: सूर्यप्रकाश काचेतून आत येतो, आतल्या वस्तू तापून अवरक्त किरण सोडतात, ते काचेतून बाहेर पडत नाहीत. हे खरं आहे, पण गोष्ट अर्धीच आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वूड यांनी १९०९ मध्ये दोन सारख्या पेट्या घेतल्या. एकीला काचेचं झाकण लावलं आणि दुसरीला सैंधवाच्या स्फटिकाच्या पातळ पत्र्याचं. हो, उपवासाच्या खिचडीत जातं तेच सैंधव. सैंधवातून अवरक्त किरण आरपार जातात, तेव्हा शाळेतली गोष्ट पूर्ण खरी असती तर सैंधवाची पेटी थंड राहायला हवी होती. दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या, सुमारे ६५ अंशांपर्यंत. म्हणजे झाकणाचं मोठं काम किरण अडवणं हे नव्हतंच. तापलेली हवा वर उठून निघून जाते, तिला अडवणं हे होतं. गाडीतही तेच होतं. डॅशबोर्ड आणि सीटं उन्हाने तापतात, त्यांना लागलेली हवा तापते आणि जायला वाट नसल्यामुळे तिथेच फिरत राहते.

आकडे हाताशी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. भर दुपारी उन्हाकडे तोंड केलेल्या एका चौरस मीटरवर साधारण एक हजार वॅट ऊर्जा पडते, म्हणजे चालू इस्त्रीएवढी. समोरच्या काचेतून एक हलकी इस्त्री, मागच्या आणि बाजूच्या काचांमधून आणखी काही. आणि तापायची हवा किती? छोट्या गाडीतल्या सगळ्या हवेचं वजन भरतं जेमतेम साडेतीन किलो. आपल्याला गाडी भरलेली वाटते, पण उष्णतेच्या हिशेबात ती जवळपास रिकामीच असते.

त्यामुळेच सुरुवातीची मिनिटं सगळ्यात वाईट. बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. आपण समजतो गाडी हळूहळू तापते, तास-दोन तासांनी भट्टी होते, पाच-दहा मिनिटांत काय होणार? ‘पीडियाट्रिक्स’ या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात २००५ मध्ये एक अभ्यास आला. गाडीत विसरून राहिलेली मुलं दगावतात म्हणून तो केला होता. कॅलिफोर्नियात सोळा वेगवेगळ्या दिवशी गडद रंगाची एक सेडान उन्हात लावून तासभर तापमान मोजलं. बाहेर २२ ते ३६ अंश होते. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली. याच मोजणीतून निघालेला एक आकडा मी पाठ केला आहे: पहिल्या दहा मिनिटांत साडेदहा अंश.

पुण्यात डिसेंबरमधली सुखद दुपार ३० अंशांच्या आसपास असते. दहा मिनिटांनंतर गाडीत ४०. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश. म्हणजे स्वेटर घालायचा की नाही याचा विचार करण्याच्या मोसमातही, दूध-ब्रेडच्या रांगेत आपला नंबर येईपर्यंत, गाडीतली हवा कुत्र्याच्या अंगापेक्षा गरम झालेली असू शकते. हा उंबरठा ओलांडला की सगळा हिशेब उलटतो. तोवर अंगातली उष्णता आपोआप हवेत जात होती, आता हवेतली उष्णता अंगात शिरते. स्वस्थ पडलेल्या कुत्र्याचं शरीर स्वतःही चाळीसेक वॅट उष्णता बनवत असतं, ती वेगळीच. बाहेर काढायचा एकच रस्ता उरतो, पाणी उडवण्याचा. आणि कुत्रा जितक्या जोरात धापा टाकतो, तितकी त्या बंद खोक्यातली हवा त्याच्याच श्वासाने दमट होते. कूलर चालू आहे, खिडकी बंद आहे. घाबरून तो सीटवरून सीटवर उड्या मारतो, भुंकतो, काचेवर पंजे घासतो, त्याने आणखी उष्णता तयार होते. मालकाने परत येऊन काचेच्या आतून लाळेचे फराटे आणि बाष्प बघितलं तर धाप किती वेळ चालली होती याचा तो पुरावा असतो.

“काच थोडी खाली केली होती” हे वाक्य या प्रत्येक गोष्टीत असतं. २००५ च्या त्याच अभ्यासात काचा दीड इंच उघड्या ठेवूनही मोजलं होतं. बंद काचांच्या गाडीत दर पाच मिनिटांना सरासरी १.९ अंश वाढत होते, फट ठेवल्यावर १.७. फरक इतकाच. दीड इंचाच्या फटीतून हवा खेळत नाही, कारण ती खेळवायला कुणी नाही, गाडी उभी आहे.

सावलीचं थोडं बरं आहे. ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ३८ अंशांवरच्या कडक उन्हाळ्यात, तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांमधली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर. सावलीतल्या गाड्यांमध्ये हवा ३८ च्या आसपास राहिली. हा फरक मोठा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण ३८ अंशांच्या बंद दमट हवेत धाप लागलेल्या कुत्र्याला कितपत आराम? शिवाय कडुनिंबाखाली गाडी लावली तेव्हा सावली होती, पंगत उठेपर्यंत ती कुंपणापलीकडे गेलेली असते. गाडीखालचं कुत्रं सावलीबरोबर सरकतं. गाडीला चाकं असूनही ती सरकत नाही.

एसी चालू ठेवून जाणाऱ्यांना हे आपल्याबद्दल नाही असं वाटत असेल. एसी चालू असेतो ते बरोबर आहेत. पण इंजिन बंद पडतं, बऱ्याच नव्या गाड्या काही वेळाने स्वतःहून बंद होतात, कधी कुत्र्याचाच पंजा बटणावर पडतो. अमेरिकेत पोलिसांचे प्रशिक्षित कुत्रे, ज्यांच्यावर पाण्यासारखा पैसा खर्च झालेला असतो, तेसुद्धा एसी बंद पडलेल्या गाड्यांमध्ये मेलेले आहेत. म्हणून तिथल्या अनेक पोलीस गाड्यांत तापमान वाढलं की भोंगा वाजवणारी आणि काचा आपोआप खाली करणारी यंत्रणा बसवतात. टेस्ला कंपनीने २०१९ मध्ये तिच्या गाड्यांना खास ‘डॉग मोड’ दिला. एसी चालू राहतो आणि मोठ्या पडद्यावर आतलं तापमान दिसत राहतं, नाहीतर येणारा-जाणारा काच फोडायचा.

सगळे कुत्रे सारखे नसतात, हे नाकावरूनच ओळखावं. आपल्याकडचा कारवानी कुत्रा बघा. लांबोळकं तोंड, सडपातळ अंग, आखूड केस. धापेसाठी लागणारं सगळं यंत्र त्या लांब नाकात मावतं. आता पग बघा. हच या मोबाइल कंपनीच्या पग असलेल्या जाहिरातीनंतर आपल्याकडे घरोघरी पग आले. माणसाने त्याचं तोंड चपटं केलं, पण आतलं मांस त्या प्रमाणात कमी केलं नाही. नाकपुड्या चिरेसारख्या, टाळूचा पडदा लांब, घड्यांना जागा नाही. पग शांत झोपला असतानाही घोरतो, आणि आपण त्याला गोड म्हणतो. ब्रिटनमध्ये नऊ लाखांहून जास्त कुत्र्यांच्या २०१६ मधल्या नोंदी तपासल्या, तेव्हा लॅब्रॅडॉरच्या तुलनेत उष्माघाताची शक्यता फ्रेंच बुलडॉगला सहापट, इंग्लिश बुलडॉगला चौदापट आणि केसाळ चाउ-चाउला सोळापटीहून जास्त निघाली. ब्रिटनमधली ही स्थिती आहे. छत्रपती संभाजीनगरात हस्की पाळणाऱ्याने हे वाक्य पुन्हा वाचावं.

याच पाहणीतला एक आकडा माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो, तोही सांगायला हवा. उष्णतेने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी गाडीत सापडलेले होते जेमतेम पाच टक्के. सुमारे ७४ टक्के कुत्रे उन्हात पळवल्यामुळे, खेळवल्यामुळे आजारी पडले होते. म्हणजे सकाळी साडेदहाला ‘फिरवून आणतो’ म्हणत डांबरी रस्त्यावर कुत्र्याला दौडवणारा गाडीवाल्याकडे बोट दाखवू शकत नाही. तरीही मी गाडीबद्दल वेगळं लिहितोय, कारण पळणारा कुत्रा निदान बसकण तरी मारू शकतो.

शरीराचं तापमान ४१ अंशांच्या पुढे गेलं आणि कुत्रा झोकांड्या द्यायला लागला की तो उष्माघात. सुरुवातीला हिरड्या लालभडक होतात, लाळ तारेसारखी चिकट आणि घट्ट होते. मग उलटी, जुलाब, कधी रक्ताचे. मग आचके. ४३ अंशांच्या आसपास पेशीच मोडायला लागतात. आतड्याचं अस्तर निकामी होऊन तिथले जीवाणू रक्तात शिरतात. रक्त गोठवणारी यंत्रणा शरीरभर एकदम चालू होते आणि सगळा साठा संपवून बसते, मग जिथे नको तिथे रक्त झिरपतं. पोटाच्या उघड्या कातडीवर बारीक लाल ठिपके दिसतात ते त्याचेच. मूत्रपिंड एक-दोन दिवसांनी बंद पडू शकतात. म्हणून ‘पाणी मारलं, उठून बसला, आता ठीक आहे’ यावर विश्वास ठेवू नये. इस्रायलमध्ये हिब्रू विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात आलेल्या ५४ उष्माघाती कुत्र्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्मे वाचले नाहीत. ज्यांना दवाखान्यात पोचायला दीड तासाहून जास्त लागला, त्यांची अवस्था विशेष वाईट होती.

पण दवाखान्याकडे धावण्याआधी एक काम आहे, आणि इथे जुना सल्ला बदलला आहे. पूर्वी सांगत, गार पाणी ओतू नका, झटका बसेल, कोमट पाणी घ्या, ओला टॉवेल गुंडाळा आणि न्या. आता पशुवैद्य सांगतात: आधी थंड करा, मग हलवा. नळाचं पाणी, बाटलीतलं पाणी, हॉटेलच्या पिंपातलं पाणी, जे असेल ते अंगावर ओता. पोट, काखा, जांघा भिजल्या पाहिजेत. केसांच्या वरून पाणी ओघळून गेलं तर उपयोग नाही, बोटांनी कातडीपर्यंत पोचवा. आणि वारा घाला, पुठ्ठ्याने, ओढणीने, टेबलफॅनने. तरुण, धडधाकट कुत्रा शुद्धीवर असेल तर थंड पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसवलेलाही चालतो, डोकं पाण्याबाहेर धरून. ओला टॉवेल मात्र अंगावर पांघरू नका. दोन मिनिटांत तो गरम होतो आणि त्याची दुलई बनते. पुन्हा कपाटातला माठ. पाणी समोर ठेवा, पण घशात ओतू नका, अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या फुप्फुसात जाईल. थर्मामीटर असेल तर गुदद्वारातलं तापमान साडेएकोणचाळीसच्या आसपास आलं की ओतणं थांबवा. मग गाडीत एसी चालू करून डॉक्टरकडे. ब्रिटनमध्ये तपासलेल्या नोंदींत, दवाखान्यात आणण्याआधी थंड केलेले कुत्रे पाचांत एक इतकेच होते. बाकीच्यांना लोकांनी काळजीने, घाईने, गरमागरम स्थितीत पुन्हा गाडीतच घातलं.

दुसऱ्याच्या बंद गाडीत असा कुत्रा दिसला तर? मॉल किंवा कार्यालय असेल तर गाडीचा नंबर सांगून ध्वनिक्षेपकावर पुकारा करायला लावणं सगळ्यात लवकर फळतं. मिरवणारा नवरदेवसुद्धा गाडीचा नंबर ऐकला की थांबतो. पार्किंगच्या माणसाला बोलवा, ११२ ला फोन करा, फोटो काढा. कुत्रा शुद्ध हरपत चालला असेल आणि कुणीच येत नसेल तर काचेचा प्रश्न उभा राहतो. टेनेसी, कॅलिफोर्निया अशा काही अमेरिकन राज्यांत, ठरलेल्या अटी पाळून काच फोडणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. आपल्याकडे असा खास कायदा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये, मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावाने केलेल्या लहान हानीला गुन्हा न मानण्याची तरतूद आहे, पण ती लागू होते की नाही हे शेवटी न्यायालयच ठरवणार. म्हणून साक्षीदार जवळ असावेत. फोडायचीच तर बाजूची, कुत्र्यापासून लांबची काच, कोपऱ्यात घाव घालून. समोरच्या काचेच्या वाटेला जाऊ नये, दोन थरांमध्ये पडदा असल्यामुळे ती तडकते, पण जागा सोडत नाही.

आणि मालकाला शिक्षा? प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. जनावराला निष्कारण यातना होतील अशा रीतीने वाहून नेणं किंवा कोंडणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. त्या मॉलच्या पार्किंगचं भाडं बहुधा याहून जास्त असेल. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ जनावर मारण्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण तिथे हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागते. गाडीत कुत्रा ठेवणाऱ्याचा हेतू काय असतो? त्याला एकटं घरी ठेवायला जीव झाला नाही, म्हणून तर बरोबर आणलेलं असतं. ताजमहालाजवळच्या पार्किंगमध्ये पर्यटकांच्या बंद गाडीत कुत्रा मेल्याची बातमी काही वर्षांपूर्वी गाजली. समाजमाध्यमांवर त्या मालकांना काय काय म्हणून घ्यावं लागलं! मला त्या शिव्यांचा उपयोग कळत नाही. शिव्या देणाऱ्यांपैकी कितीजणांना दहा मिनिटांत साडेदहा अंश हे माहीत होतं?

आपल्या सहलींची रचनाच अशी की कुत्रा गाडीत अडकतो. देवळात नेता येत नाही, हॉटेलात घेत नाहीत, किल्ल्यावर चढवत नाहीत, नातेवाइकांच्या लग्नात तर विचारायलाच नको. म्हणजे निघण्याआधीच ठरवायला हवं. जिथे तो उतरू शकत नाही तिथे तो येणार नाही, शेजारच्या काकूंकडे राहील. आणि आलाच तर जेवण दोन पाळ्यांत होईल: एकजण आत, एकजण बाहेर झाडाखाली पट्टा धरून, पाण्याचा वाडगा घेऊन. मिसळ थोडी गार खावी लागेल. ढाब्यावाल्याला विचारलं तर तो बाहेर बाज टाकून देतो, हा माझा अनुभव आहे. शहरातल्या उपाहारगृहांबद्दल तशी खात्री देता येत नाही.

जेवण झालं, कुत्रा मागच्या सीटवर बसला, एसी लागला. गाडी सुरू करण्याआधी एकदा खाली उतरून चाकांच्या मधे वाकून बघा आणि बोनेटवर दोनदा थाप मारा. सावलीला आलेलं दुसरं कुणीतरी तिथे झोपलेलं असतं.